बेटावरच्या उबेचा भाव

एप्रिलच्या भर दुपारी, लातूरच्या डांबराला चपला चिकटत असताना, मालिंगअप्पांनी बर्फाच्या चार लाद्या हातगाड्यावर घालून घरी आणल्या. मला वाटलं सरबताचा बेत आहे. मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तेव्हा हक्कानं ग्लास घेऊन खाली उतरलो. अप्पांनी त्या लाद्या जिन्याशेजारच्या खोलीत चार कोपऱ्यांत मांडल्या, खिडकी लावून घेतली, मधोमध कोळशाची शेगडी पेटवली आणि मला म्हणाले, "सर, तुमच्या क्लासातली ती पाऱ्याची नळी आणा. ग्रीसमधी घर तापवायला किती खर्च येतो ते बगायलोय."

मी पंचवीस वर्षं मुलांना उष्णता हा धडा शिकवतो आहे. बर्फ आणि शेगडी यांच्या मधोमध पाटावर बसलेला माणूस कुठल्याच पुस्तकात नव्हता. दार उघडं ठेवा, नाहीतर कोळशाच्या धुरानं खर्च काढायला कुणी उरणार नाही, एवढंच मी सांगितलं. दोन तास आम्ही घाम पुसत बसलो. लातुरात बर्फ टिकत नाही, ही एकच गोष्ट त्या प्रयोगातून सिद्ध झाली. अप्पांनी मात्र ती वहीत लिहून घेतली आणि वितळलेलं पाणी बादलीत भरून अंगणातल्या बेलाला घातलं.

त्यांचं खरं नाव महालिंगअप्पा, पण सगळा मोंढा त्यांना मालिंगअप्पा म्हणतो. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं अडतीचं दुकान आहे. वय अडुसष्ट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि दाढेखाली कायम सोयाबीनचा एखादा दाणा. अप्पा मालातली ओल दातानं सांगतात. दाणा चावला की कट्ट वाजतो का नुसताच दबतो, यावरून ते आकडा बोलतात. आता ओल मोजायचं यंत्र आलं आहे, पण यंत्र बरोबर आहे की नाही हे शेतकरी अप्पांच्या दाढेवर तपासून घेतात. ओला माल वजनाला भरतो आणि कामाला उणा पडतो, म्हणून त्याचा भाव उतरतो. हे सांगताना अप्पा शेतकऱ्याची बाजू घेत नाहीत आणि व्यापाऱ्याचीही घेत नाहीत, त्यामुळे दोघेही त्यांच्यावर थोडे नाराज असतात आणि माल मात्र त्यांच्याकडेच आणतात.

ही ओल अप्पांनी पुढं सगळ्या दुनियेला लावली. पुढाऱ्याचं भाषण ऐकलं की म्हणणार, "वजन हाय, पण ओल लई हाय." माझ्या क्लासच्या जाहिरातीचा फलक वाचून म्हणाले होते, "सर, वाळवून किती ऱ्हाईल?" त्यानंतर मी तो फलक लहान केला.

अप्पांची बायको फार पूर्वी गेली. एकुलती एक मुलगी, गौरा. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली, तिथून परदेशात गेली आणि ग्रीसच्या नाक्सोस नावाच्या बेटावर निको नावाच्या माणसाच्या प्रेमात पडली. निको उन्हाळ्यात प्रवाशांना बोटीतून फिरवतो. गौरानं त्याला पहिल्यांदा फोनवर दाखवलं तेव्हा सगळी भावकी तोंडाला पदर आणि रुमाल लावून बसली होती. अप्पांना इंग्रजी येत नाही आणि निकोला मराठी. तो बोटीच्या फळीला रंग देत होता. अप्पांनी पाच मिनिटं नुसतं त्याचं काम बघितलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "ओल न्हाई." लग्न ठरलं.

तर या गौराचा, बर्फाच्या प्रयोगाआधी, जानेवारीत फोन आला. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी. ती म्हणाली, "अप्पा, हितलं घर दगडाचं हाय, उन्हाळ्यासाठी बांधलेलं. समुद्राचा वारा भिंतीतून येतो बगा. घर गरम करायचा खर्च झेपंना झालाय. तेल परवडतं, करंट परवडतो का लाकूड, तुम्हीच काढून द्या. चार महिन्यांचा सगळ्यात स्वस्त खर्च आमच्या दोन तिकिटांच्या वर गेला, तर पुढला हिवाळा आम्ही लातूरलाच काढतो. निकोची बोट तवा बंद असते, आन माझं काम काय, लॅपटॉपवर."

दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या फळ्याचे दोन भाग झाले. डावीकडं सोयाबीन, तूर, हरभरा. उजवीकडं तेल, करंट, ग्यास, लाकूड. तिकडचे भाव गौरा कळवायची आणि अप्पा खडूनं लिहायचे. पण लिटर, युनिट आणि टन यांची तुलना कशी करायची? त्यासाठी अप्पांनी नवं माप काढलं, 'एक ऊब'. बारा बाय चौदाची खोली दिवेलागणीपासून झोपेपर्यंत स्वेटर काढून बसण्याजोगी करायला जेवढं लागतं, ती एक ऊब. एक ऊब तेलाला कितीला पडते आणि लाकडाला कितीला, हे गणित माझ्याकडं आलं. ते घरमालक असल्यामुळं मला नाही म्हणता येईना.

मोंढ्यानं तर हा प्रश्न घरचाच मानला. हदगावहून सोयऱ्याकडं आलेला एक कापूसवाला म्हणाला, "कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळा म्हणावं, फुकट पडल्यात." निलंग्याच्या ऊसवाल्यानं चिपाडं सुचवली. अप्पांनी दोन्ही गोष्टी फोनवर गंभीरपणे विचारल्या आणि बेटावर कापूसही नाही आणि ऊसही नाही हे कळल्यावर, त्या बेटावरची माणसं करतात तरी काय, असा प्रश्न मोंढ्याला पडला. म्हातारे हमाल बाबूमियाँ पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "अप्पा, दीवार कू अंदर से गोधड्या टांगो बोलो. तेल बी नक्को, करंट बी नक्को." भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात शहाणा सल्ला हाच होता, म्हणून तो कुणी ऐकला नाही.

मला वाटायचं, बाप पोरीचे पैसे वाचवायला धडपडतोय. तसं नव्हतं हे मला जूनमध्ये कळलं. अप्पा धापा टाकत जिना चढून आले आणि चेहरा फुलवून म्हणाले, "सर, तिकडं तेल महागलं."

"अरेरे," मी म्हणालो.

"आन करंट बी. ग्यासची टाकी तर गल्लीच्या पायऱ्यांवरून खांद्यावर न्यावी लागती म्हणं." आवाजात नुसता आनंद होता. उरलं लाकूड. गौरानं मागच्या हिवाळ्यात चार गाड्या ऑलिव्हचं लाकूड जाळलं होतं. मी टन आणि भाव यांचा गुणाकार केला. दोन तिकिटांपेक्षा थोडा जास्तच आला.

"पुन्हा गुणा," अप्पा म्हणाले. मी पुन्हा गुणलं. तेच आलं.

"म्हंजी लाकूड बी परवडत न्हाई."

"नाही परवडत."

"लई वंगाळ झालं," असं म्हणून अप्पा अडुसष्टाव्या वर्षी एकेक पायरी गाळत खाली गेले, आणि संध्याकाळी आमच्याकडं पेढे आले. परदेशात गेल्यापासून सात वर्षांत गौरा दोनदाच आली होती, तीही आठ-आठ दिवस. पेढा तोंडात असताना मला हे आठवलं आणि मी गणिताला वैतागलो होतो याची लाज वाटली.

मग जिन्याशेजारची खोली बदलायला लागली. चुना झाला, परदेशी पद्धतीचा संडास बसला, गौराच्या लॅपटॉपसाठी टेबल आलं, वायफायची पेटी भिंतीवर चढली. निकोला तिखट सोसत नाही म्हणून स्वयंपाकाच्या बाईंना बिनमिरचीच्या वरणाचा सराव सुरू झाला. ते वरण संपवायला अप्पांशिवाय कोणी नव्हतं. लातूरचा माणूस तीन महिने बिनतिखटाचं खात होता आणि तक्रार करत नव्हता. "चार म्हैने, सर," मला जिन्यात गाठून सांगायचे. "चार म्हंजी नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी." जणू मला महिने ठाऊक नव्हते.

दिवाळीच्या आधी, तिकिटं काढायला आठवडा उरला असताना, गौराचा फोन आला. मी तिथंच होतो. तिकडं पाऊस पडून गार झालं होतं. तिनं फोन लोखंडी शेगडीसमोर धरला. "बगा अप्पा, निघेपर्यंतच्या थंडीला या वर्षीची पयली गाडी उतरवली. तुम्ही म्हणालात तसंच, लाकूड बी परवडत न्हाई. दोन दिवसांत ढीग खाली आला, आन खोली हाय तशीच गार."

जाळ दिसत होता. फोनमधून सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. अप्पा फोनजवळ वाकले. ओंडक्याच्या कापलेल्या टोकातून फेस गळत होता. अप्पांचा जबडा नुसताच हलला, दाणा नसताना. "जेवलीस का?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे चार दिवस ते वर आले नाहीत. दुकानात गेलो तर फळ्याची उजवी बाजू कोरी होती. पाचव्या दिवशी सकाळी आले आणि दारातच उभे राहिले.

"सर, लाकूड ओलं असलं तर त्याची ऊब कुठं जाती?"

मी शिक्षक. प्रश्न आला की उत्तर बाहेर पडतंच. "आधी त्यातलं पाणी उकळून वाफ होते. बरीचशी उष्णता त्यातच जाते. आणि वजनावर विकत घेतलं असेल तर पाण्याचेही पैसे दिलेले असतात."

"वाळलेलं घेतलं तर चार गाड्यांचं काम..."

"दोन गाड्यांत होईल. फार तर अडीच." बोलून गेलो आणि मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मला माझ्या उत्तराचा राग आला. मी म्हणालो, "अप्पा, तिला नाही सांगितलं तर काय बिघडतं? हिवाळा तर जाईल. पोर घरी येईल. मार्चमध्ये सांगा."

अप्पा खुर्चीवर बसले. "मी बी चार दिस तेच म्हणायलोय मनाला. ती म्हणली होती, परवडलं न्हाई तर येते. मी कुठं खोटं बोललो?" थोडा वेळ त्यांनी हातातल्या दाण्याकडं पाहिलं. "पर सर, परक्याच्या पोत्यातली ओल मी तोंडावर सांगतो. वैरी असला तरी सांगतो. आन पोरीच्या मालातली ओल कळून गप बसू? ती हितं येऊन जेवायला बसंल, आन माझ्या घशाखाली घास उतरंल का?"

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. सांगणं अगदी दुकानातल्यासारखं, नीट आणि कोरडं. ताजं तोडलेलं घेऊ नकोस, मागच्या वर्षीचं माग. टोकाला भेगा बघ. दोन तुकडे एकमेकांवर हाण, खणखण वाजलं तर वाळलंय, धप्प वाजलं तर परत पाठव. विकणारा हसला तर हसू दे.

गौरा अडत्याची मुलगी, हिशोबाला चटपटीत. पलीकडं कॅल्क्युलेटर वाजल्याचं ऐकू आलं. "अप्पा, निम्म्यावर आलं की. हे तर तिकिटांच्या पार खाली गेलं." ती निकोला ओरडून काहीतरी सांगत होती आणि तोही आनंदानं ओरडत होता. मग अचानक तिचा आवाज खाली आला. "अप्पा... मग हा हिवाळा हितंच काढावा लागंल. निकोची आई बी एकलीच हाय हितं. पर तुम्ही खोली केली होती."

"खोलीचं काय," अप्पा म्हणाले. "खोली हाय तिथं हाय."

"मग तुम्हीच या ना इकडं."

"इल्ला, न्हाई बाई, मला थंडी सोसत न्हाई," अप्पा म्हणाले. ज्या माणसानं एप्रिलात चार लाद्यांच्या मध्ये बसून दाखवलं, त्यानं हे सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

डिसेंबरातल्या एका रविवारी भाडं द्यायला भर दुपारी खाली गेलो. अप्पा जिन्याशेजारच्या खोलीत गौराच्या टेबलाशी बसले होते. हल्ली रोज ते तिथंच बसतात. विचारलं तर सांगतात, वायफाय तिथं चांगलं लागतं. ते वायफाय मला वरच्या मजल्यावरही चांगलं लागतं, पण ते मी कधी बोललो नाही. तिकडं सकाळ होती. गौरानं फोन शेगडीसमोर टेकवून ठेवला होता आणि ती मागं कुठंतरी भांडी घासत होती. जाळ मोकळा, पिवळाधमक, मधूनच तडतडणारा. सूं आवाज अजिबात नव्हता.

अप्पांनी दोन्ही तळवे फोनपुढं धरले होते. बाहेर ऊन होतं, त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी उकाड्यानं उघडी होती, आणि ते शेकत बसले होते. मी आल्याचं कळल्यावरही त्यांनी हात मागं घेतले नाहीत.

"वाळलंय," ते म्हणाले. "एक नंबर माल मिळाला पोरीला."

मी शेजारी बसलो. गौरा भांडी आवरून आली, "शरणार्थ सर" म्हणून नमस्कार करून दोन वाक्यं बोलली आणि फोन बंद झाला. काचेवर नुसतं खिडकीचं ऊन उरलं. अप्पांनी ती काच धोतराच्या सोग्यानं पुसली, उगीचच, बराच वेळ.

मग म्हणाले, "सर, एक इचारू? थंडीचं तर झालं. पर आपला मे म्हैना. निकोसारख्या माणसाला ही खोली ऱ्हाण्याजोगी गार करायची तर कूलर परवडंल, एसी परवडंल, का वाळ्याचे पडदे?"

मे महिन्यात प्रवासी येतात आणि निकोची बोट पाण्यात असते. हे अप्पांना माहीत होतं आणि मलाही. खोलीचं माप तर मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी खिशातलं पेन काढलं, भाड्याच्या पाकिटाची मागची बाजू समोर घेतली आणि विचारलं, "खोली किती बाय किती, अप्पा?"

"बारा बाय चौदा," अप्पा म्हणाले, आणि तरीही नीट मोजून घ्यावी म्हणून टेप आणायला उठले.