विमलमावशींची उलटतपासणी

आमच्या शेजारच्या विमलमावशी दूधवाल्याची रोज उलटतपासणी घ्यायच्या.

"कसा आलास?"

"सायकलीवर, बाई."

"कुठून?"

"मखमलाबादहून. लय वेळा सांगितलंय."

"सायकल कुठंय?"

तो बिचारा सायकल दाखवायचा. मग मावशी पातेलं पुढे करायच्या. "पटलं. म्हणजे मी जागी आहे."

ही पंचाहत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. गंगापूर रोडला आमची दोन घरं, मधे एकच अंगण. मावशी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "तू इथं कशी?" मी मेली माहेर-सासरचं सगळं सांगत बसले. लग्नपत्रिका दाखवायची तेवढी बाकी ठेवली.

पुढे कळलं, हा सराव होता. मावशींना स्वप्न चालू असताना ओळखायचं होतं.

"काल माझ्या स्वयंपाकघरात एस.टी. उभी होती," त्या सांगायच्या. "आणि मला राग कशाचा आला? कंडक्टरनं चपला काढल्या नाहीत ह्याचा! परवा हेडमास्तरांच्या खुर्चीत वांगं होतं. मी त्याच्याकडे रजा मागितली."

"दिली?"

"अर्धीच."

त्यांचं म्हणणं असं, की झोपेत सगळं पटतं, कारण तपासणारा मास्तरच झोपलेला असतो. "मग दोन आणि दोन सात लिहिलं तरी बरोबर! आणि मास्तर झोपलाय हे ओळखायलाही मास्तरच लागतो ना गं." दिवसभर प्रश्न विचारले, की सवयीनं झोपेतही एखादा तोंडातून निसटेल, असा त्यांचा अंदाज.

हा सगळा आटापिटा अक्कांसाठी. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नांदगावची. अक्कांच्या मुलीच्या लग्नात मानाची साडी हलकी मिळाली म्हणून मावशी ती मांडवातल्या खुर्चीवर टाकून तरातरा निघून आल्या होत्या. तेव्हापासून बोलणं बंद. स्वप्नात मात्र अक्का यायच्या, मेथी निवडत बसायच्या, आणि आपलं भांडण आहे हेच मावशींना तिथं आठवायचं नाही.

"एकदा आठवू दे. 'चुकलं माझं' म्हणते आणि सुटते."

"अहो, मग नांदगावची गाडी धरा की!"

"तिनं दार लावून घेतलं तर? स्वप्नात दार तरी नसतं."



एका सकाळी मावशी उतरलेल्या चेहऱ्यानं आल्या. "जमलं. विचारलं तिला, 'अक्के, तू इथं कशी?' ती तोंड उघडणार तेवढ्यात मला जागच आली. विचारलं की जाते ती."

त्या दिवसापासून दूधवाला सुटला.

मग उन्हाळ्यात आम्ही दोघी अंगणात कुरडया घालत होतो. फाटक वाजलं. पिशवी घेऊन एक वयस्कर बाई आत आल्या. नाक थेट मावशींचं. मावशी बघतच राहिल्या. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मी थांबले. पण छे! चिकानं बरबटलेल्या हातानं त्यांनी अक्कांचं मनगट घट्ट धरलं.

"कशी आले, विचारशील तरी?" अक्का म्हणाल्या.

"नाही विचारणार," मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "आधी ऐक. साडीचं चुकलं माझं. फार चुकलं."

"साडी हलकीच होती गं," अक्का म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मावशींना हे स्वप्नच वाटतंय, हे माझ्या लक्षात आलं. काही सुचेना, म्हणून पाणी आणलं.

"विमल, हात सोड. पाणी पिऊ दे."

मावशींनी सोडला नाही.

"डाव्या हातानं पी," त्या म्हणाल्या.