केसोबाचं पोळं आणि दोन पंडित

विषय : श्री. केसोबा अस्वल यांस कबूल केलेले मधाचे पोळे मिळणेबाबत.

मुलांनो, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, एका जंगलात केसोबा नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्या घरी नुकतंच पिल्लू झालं होतं. अस्वलांत रीत अशी, की पिल्लानं डोळे उघडले की बापानं त्याला मधाचं बोट चाटवायचं. मगच बारसं.

पण जंगलातली मधाची सगळी पोळी तेव्हा संशोधनासाठी राखीव होती. काही गोड मिळणार असं कळलं की प्राण्याच्या डोक्यात काय होतं, हे सिंहमहाराजांना जाणून घ्यायचं होतं. प्रजेला विचारण्यापेक्षा तिची डोकी तपासणं त्यांना सोयीचं वाटे.

या कामावर दोन पंडित होते. घुबडाकडे एक पोकळ खोड होतं. त्यात प्राण्याचं डोकं घातलं की डोक्यात हालचाल नेमकी कुठे झाली ते दिसे, पण उशिरा. भांडण कोणत्या घरात झालं ते घुबड अचूक सांगणार, पण भांडणारे जेवून झोपल्यावर. सुतारपक्षी कवटीला कान लावून खुट्ट कधी झालं ते तत्क्षणी सांगे. कुठे झालं, असं विचारलं की आभाळाकडे बघे. दोघं एकमेकांना अडाणी म्हणत. शेवटी महाराजांनी फर्मावलं, की दोघांनी एकाच वेळी एकाच डोक्यावर काम करावं.

डोकं केसोबाचं ठरलं. मोबदला, एक पोळं.

खोड सुरू झालं की असं घरघरे, की सुतारपक्ष्याला दुसरं काही ऐकू येईना.

"पंडितजी, तुमचं खोड जरा हळू घोरेल का?"

"तुमची चोच जरा बाजूला होईल का? चित्रात डाग पडतोय."

ऐकलेल्यातून घरघर वजा कशी करायची, हे शिकण्यात बरेच दिवस गेले. तोवर केसोबा निपचित पडून होता. त्याला अंग खाजवायलाही बंदी होती. अस्वलाच्या जातीला याहून मोठी शिक्षा नाही. पण पिल्लानं डोळे उघडले होते, म्हणून तो पडून राहिला.

मग प्रयोग झाला. पिवळं पान दाखवलं तर मध मिळणार, वाळकं दाखवलं तर नाही. पिवळं पान दिसताच केसोबाच्या डोक्यात खोलवर उजेड पडला. कुठे आणि कधी, यावर दोन्ही पंडितांचं प्रथमच एकमत झालं. नंतर जिभेवर मधाचा थेंब ठेवला. डोकं जवळजवळ गप्प.

चिटणीस कोल्ह्यानं अहवाल वाचला. "म्हणजे आनंद पानातच असतो?"

"तसं म्हणता येईल," घुबड म्हणालं.

"मग मध कशाला वाया घालवायचा?"

मध कधीच दिला नाही तर पुढे पान बघूनही उजेड पडणार नाही, असं सुतारपक्षी पुटपुटला. तो मुद्दा पुढच्या टप्प्यात घेऊ, असं कोल्ह्यानं सांगितलं.

केसोबाला पोळ्याऐवजी पिवळं पान मिळालं. पिल्लानं ते चाटलं आणि भोकाड पसरलं.

"अहो, हे काय आणलंत?" बायकोनं विचारलं.

"यात आनंद असतो म्हणे."

"मग तो तुम्ही खा. माझ्या लेकराला मध आणा."

केसोबानं रीतसर अर्ज केला. रोज सकाळी तो कचेरीच्या खिडकीशी उभा राही. कारकून बगळ्यानं कागदांच्या गठ्ठ्याकडे नुसती मान वळवली, तरी तो पुढे झुके. पंडितांनी तिथेही त्याचं डोकं तपासलं. एवढा उजेड त्यांनी आजवर पाहिला नव्हता. बगळ्यानं अर्जावर शेरा मारला : 'मंजुरी दिल्यास अर्जदाराच्या आनंदात घट संभवते. सबब, अर्जदाराच्या हितास्तव प्रलंबित.'

पिल्लू आता झाडावर चढतं. त्याचं बारसं झालेलं नाही. आई त्याला 'अरे' म्हणून हाक मारते.

अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : फळाची आशा धरू नये, असं जुने लोक सांगत. ते आता कालबाह्य झालं. आशा जरूर धरावी. ती पुरवण्यास कचेरी समर्थ आहे. फळासाठी मात्र स्वतंत्र अर्ज करावा.