डेल्बर्टचा हिसका

शुक्रवारी संध्याकाळी हार्लनला मुतखड्याची कळ आली आणि डेल्बर्ट प्रुइटच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तळ्यावर गावाच्या अग्निशामक दलाची जोडीनं बास मासे धरायची स्पर्धा होती. हार्लन आणि डेल्बर्ट बावीस वर्षं एकाच बोटीतून त्यात उतरत होते आणि बावीस वर्षं न चुकता हरत होते.

"एकट्याला घेत नाहीत," तो बायकोला म्हणाला. "जोडी लागते."

"मग ल्युएलाला ने," नोरीन ताटली पुसत म्हणाली.

"तुझ्या बहिणीला? अगं, ती धक्क्यावर खुर्ची टाकून शिवणाच्या दोऱ्यानं मासे धरते!"

"धरते ना? मग झालं तर."

डेल्बर्टचा धंदा बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा. ओझार्कच्या डोंगरातल्या खड्ड्याखड्ड्यांतून त्यानं ट्रक वर काढले होते, आणि मासा हा एक छोटा ट्रकच, अशी त्याची समजूत होती. त्याच्या काठ्या मनगटाएवढ्या, दोरी अशी की तिला म्हैस बांधावी. ल्युएला एकाहत्तर वर्षांची. तेहतीस वर्षं शाळेत नर्स होती. मुलांच्या बोटांतले काटे काढण्यात तिची हयात गेली. सकाळी ती आली ती उशीच्या अभ्र्यात दोन काड्या घेऊन.

"हे काय, पडद्याच्या दांड्या?" डेल्बर्टनं विचारलं.

"तू बोट चालव," ल्युएला म्हणाली.

दोन दिवसांपूर्वी थंडी पडली होती. वारा नाही, ढग नाही, पाणी तर असं नितळ की वीस फुटांवरचे गोटे मोजून घ्यावेत. डेल्बर्टनं आमिषाचा आपला आवडता लाकडी मासा भिरकावला. तो पाण्यात विटेसारखा आपटला. खाली तीन बास उभे होते. त्यांनी वर पाहिलं आणि सभ्य माणसं भांडणातून निघून जातात तसे ते निघून गेले.

ल्युएलानं केसाएवढ्या तंगुसाला आळंब्याच्या टोपीसारखं शिसं असलेला इवलासा गळ बांधला. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली केली. मग एक रबरी गांडूळ घेतलं, मधोमध तोडलं आणि त्यातलं अर्धंच गळावर सरळ चढवलं.

"अर्धंच? आपण मासे धरायला आलोय की त्यांना चिडवायला?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवून उठलेल्या माणसापुढे अख्खी टर्की ठेवलीस तर तो पळून जाईल. शेंगदाणा ठेव, हात आपोआप जातो. थंडीत यांना भूक नसते रे."

नऊ वाजेपर्यंत तिच्या शेंगदाण्यानं दोन मासे बोटीच्या हौदात पोहोचवले होते. साडेनवाला डेल्बर्ट तळ्याकडे बघत म्हणाला, "तुझी ती दुसरी काडी रिकामीच पडलीये म्हणून विचारतो."

"घे की. फक्त रिळाचा ब्रेक सैल राहू दे. मासा ओढायला लागला तर ओढू दे त्याला. आणि हिसका मारू नकोस. नुसतं काठीवर रेल."

तिनं पाठ वळवताच डेल्बर्टनं ब्रेक आवळला. सैल ब्रेकनं आजवर कुठली गाडी वर आली होती? पहिला मासा लागला, त्यानं हिसका मारला, दोरी तुटली. दुसरा लागला, हिसका, तुटली. नवा गळ बांधून झाल्यावर दोरीचं लोंबतं टोक कापायला त्यानं मागच्या खुर्चीवर आपली मोठी पेटी उघडली. तिच्यात त्याचे सगळे लाकडी मासे होते, प्रत्येकाच्या पोटाला तिहेरी गळ. कात्री शोधता शोधता त्यानं गळ सहज बाजूला पाण्यात सोडला, आणि तेवढ्यात काठी वाकली.

या वेळी त्यानं खड्ड्यातून दुधाचा टँकर काढताना मारला होता तसा हिसका मारला. दोरी टचकन तुटली. डेल्बर्ट मागे गेला आणि उघड्या पेटीत पूर्ण वजनानिशी बसला.

ल्युएलानं गुडघे टेकून शांतपणे पाहणी केली.

"सात लाकडी मासे," ती म्हणाली. "निम्मे गळ तुझ्या डंगरीत, निम्मे खुर्चीच्या गादीत. पेटी मोडली. कातडीत अजून एकही रुतलेला नाही, पण वळवळलास तर रुतेल."

"मग काप ना डंगरी!"

"कापते. पण पन्नास हातांवर पाद्रीबाबांची बोट आहे. आत काय घातलंयस?"

डेल्बर्टनं पाद्रीबाबांच्या बोटीकडे पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला.

अशा रीतीनं एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात डेल्बर्ट प्रुइट पहिल्यांदा बोटीत स्वस्थ बसला. आणि दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून त्यानं बघितलं. ल्युएला गळ असा टाकायची की पाण्यालाही पत्ता लागू नये. मग ती थांबायची. गळ तळाला टेकेपर्यंत दोरी सैल सोडायची, आणि नजर दोरी पाण्यात शिरते तिथे. मग काठीचं टोक जरासं थरथरवायची, झोपलेल्या बाळाची चादर सारखी करावी तसं. पुन्हा थांबायची. मासा लागला की हिसका नाही, धक्का नाही. नुसतं कळायचं की आता दोरीला वजन आलंय.

"तुला कळतं कसं?" त्यानं हळूच विचारलं. आवाज खाली आलाय हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काटा कुठंय ते मूल सांगत नाही. बोटालाच कळावं लागतं," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी तिची काठी पार मुठीपर्यंत वाकली.

मासा धावला तो थेट बोटीखाली. रीळ किरकिर करत दोरी सोडत होतं.

"ओढ! ल्युएला, ओढ!"

"गप बस."

"बसलोच आहे!"

मासा बोटीच्या इंजिनाच्या पंख्याकडे वळला. ल्युएलानं काठीचं टोक पाण्यात बुडवलं आणि स्वयंपाकघरात फिरावं तशी बोटीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. माशाला जायचं तिथे जाऊ दिलं, दमला की हातभर घेतला, भडकला की पुन्हा सोडला. हे सगळं एवढ्याशा दोरीवर! दहा मिनिटं डेल्बर्टनं श्वास घेतला की नाही ते त्याला आठवत नाही. शेवटी ती वाकली, माशाच्या ओठात अंगठा घातला आणि तो उचलला. साडेपाच पौंडांचा तरी असेल. डेल्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. गळांमुळे नव्हे.

तीनला वजनकाट्यापाशी दोघांनाही हजर राहायचा नियम होता. खुर्ची दांड्यावरून उपसून निघत होती, म्हणून डेल्बर्ट खुर्चीसकट चालत आला. लोक हसले, पण मोठा मासा काट्यावर चढला तेव्हा हसणं थांबलं. पहिला नंबर जाहीर झाला, तेव्हा डेल्बर्टनं खुर्चीसकट इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की एक गळ अखेर रुतलाच. तो ल्युएलानं तंबूमागे काढला. त्याला कळलंसुद्धा नाही.

रात्रभर डेल्बर्टला एकच घोर होता. पुढल्या वर्षी ल्युएलाबरोबरच उतरायचं हे नक्की, पण बावीस वर्षांच्या मित्राला हे सांगायचं कसं? रविवारी चर्च सुटल्यावर तो जड पायांनी हार्लनकडे गेला. हार्लन पांघरूण घेऊन पडला होता आणि त्याच्या नजरेला नजर देत नव्हता.

"हार्लन, एक बोलायचं होतं. राग मानू नकोस."

"थांब, आधी मी सांगतो," हार्लन कसनुसा होऊन म्हणाला. "सकाळी ल्युएला येऊन गेली. पुढल्या वर्षी माझ्याबरोबर उतरते म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं रे, देवाशपथ. तीच म्हणाली, 'खुर्चीला न चिकटवतासुद्धा स्वस्थ बसेल असा माणूस हवाय मला.'"