झुलईचं स्थळ

स्वखर्चाने कादंबऱ्या छापणाऱ्या लेखकाला शेवटाबद्दल स्वतःचं मत असणं परवडत नाही, हे तत्त्व आता सर्वमान्य झालेलं आहे. नायजेरियातल्या कानो शहरात त्याची अंमलबजावणीही चोख होते. तिथे प्रेमकथांच्या पातळ पुस्तकांवर लेखिकेचा फोन नंबर छापण्याचा प्रघात आहे. नायिकेचा नवरा पसंत नसेल, तर वाचक तसं थेट कळवू शकतो. (ही सोय प्रत्यक्ष संसारात अद्याप उपलब्ध नाही.)

आमच्या गल्लीतल्या लेखिकेच्या कादंबरीचा दुसरा भाग निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर नंबर ठळक बसावा म्हणून छापखानेवाल्याने तिचं नाव काढून टाकलं. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. फोनवर सगळे तिला नायिकेवरून 'झुलईची आई' म्हणत. तिचे यजमान मालम हाबू, टोप्यांवर भरतकाम करणारे सज्जन गृहस्थ, रिवाजाप्रमाणे बायकोचं नाव घेत नसतच. एकंदरीत त्या नावावाचून कोणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या भागाच्या शेवटी झुलई लग्नाची झाली. रेडिओवर दुपारी ते प्रकरण वाचलं गेलं आणि लगोलग मागण्या येऊ लागल्या. एका मास्तरांकडून आली, एका विधुराकडून आली, आणि सिमेंटचे व्यापारी अल्हाजी तनिमू यांच्याकडून तर कोलाच्या बियांची भरलेली परडीच आली. परडी आली म्हणजे मागणी रीतसर झाली. तिच्यातल्या बिया घरात खाल्ल्या गेल्या म्हणजे होकार.

अशी बोलणी बापाने करायची असतात, म्हणून मालम हाबूंनी पडवीत चटई अंथरली. घरात मूलबाळ नव्हतं. आपल्याकडे कोणी मुलगी मागायला येईल, ही आशा त्यांनी कधीच सोडली होती. आता त्यांचा आनंद पोटात मावेना.

"मी अल्हाजींना शब्द दिलाय," ते आत येऊन म्हणाले. "माणूस चांगला आहे. दोन बायका आहेत, पण दोघी आपापल्या घरी."

"अहो, ती पुस्तकातली आहे."

"म्हणून काय झालं? पुस्तकातली असली तरी उजवायला नको?"

"मी तिला सुईणीच्या शाळेत घालणार होते. झारियाला."

"मग आधी बोलायचं होतंस. परडीतल्या दोन बिया तूच खाल्ल्यास."

हे तिला नाकारता येईना. त्याच शाळेत एकेकाळी तिलाही प्रवेश मिळाला होता. पण त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी मालम हाबूंकडच्या बिया खाल्ल्या. त्याचं दुःख तिला आजही होतं. नवऱ्याला ते तिने कधी सांगितलं नाही, झुलईला मात्र सगळं सांगितलं होतं.

तिसऱ्या भागात झुलई लग्नाच्या सकाळी मागच्या दाराने पिशवी घेऊन निघून गेली. रेडिओवर हे ऐकताच अल्हाजींकडची वडीलधारी मंडळी पडवीत येऊन बसली. ही गोष्ट रचलेली आहे, असं कोणीच म्हणालं नाही. चारचौघांत तसं म्हणणं असभ्य दिसलं असतं.

"मुलगी कुठंय, मालम?"

"झारियाला गेली, असं लिहिलंय."

"मग हातावर हात ठेवून बसलात काय? तिच्या आईला पाठवा. दुसऱ्या कोणाचं ऐकणाराय ती?"

युक्तिवाद बिनतोड होता. मालम हाबू स्वतः मोटारतळावर सोडायला गेले. "सापडली की लगेच रागावू नकोस," ते खाली बघत म्हणाले. "आधी जेवायला घाल."

शाळेच्या कारकुनाने नाव विचारलं, तेव्हा ती सवयीने 'झुलईची आई' म्हणून गेली. मग थांबून तिने स्वतःचं नाव सांगितलं. कारकुनाला ऐकू आलं होतं, तरी तिने ते पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.

याला दोन वर्षं झाली. शोध कसोशीने चालू असल्याचं ती घरी नियमित कळवते. (सध्या ती बाळंतिणींच्या वॉर्डात शोधते आहे.) कादंबरीचा फोन मालम हाबू घेतात. "झुलई सापडली का?" असं वाचक विचारतात, आणि ते धीर देतात.

तिच्या आईचं नाव काय, हे अजून एकाही वाचकाने विचारलेलं नाही. आपणही इथवर आलात, पण विचारलं नाहीत. अल्हाजींच्या परडीचं पुढे काय झालं, एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर नंबर मुखपृष्ठावर आहे.