साडेतीन किलोमीटरचे राठोडकाका

रामधन राठोडांना कुणी नाव विचारलं, की ते नावासोबत अंतरही सांगत. "रामधन राठोड, फाट्यापासून साडेतीन किलोमीटर." लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, एकदा तर मयतीच्या गर्दीतसुद्धा.

मी रस्त्यांच्या प्रस्तावांच्या टेबलावरचा बाबू. काकांना फुलसावंगीकडच्या आपल्या तांड्यापर्यंत डांबरी रस्ता हवा होता. म्हणून दर सोमवारी ते माझ्यासमोर बसत आणि जगातली सगळी गरिबी मला समजावून सांगत. "माणूस गरीब नसते बाबूसाहेब, दूर असते."

कापसाला कुणी विचारत नव्हतं ते दिवस. फाट्यावरचा आणि तांड्यावरचा कापूस एकाच काळ्या मातीतला. पण व्यापाऱ्याची गाडी फाट्यावरच थांबे. तांड्यावरची बैलगाडी चिखलातून तिथवर पोचली, की तो भाव पाडी. माल परत न्यायची हिंमत कुणाला? अमेरिकेचा कापूस जहाजात बसून आरामात येतो, आपला फाट्यापर्यंतच दमतो, असं काकांचं म्हणणं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. "तवा आमच्या बैलामागं रस्ता येत होता," ते ऐकवत.

मला वीट आला होता. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या घरापासून किराणा किती पावलं? मी म्हणालो, चाळीस. माझ्या पोटाकडं बघून ते म्हणाले, "दिसूनच राह्यलं."

त्या रागात मी त्यांचा प्रस्ताव नकाशा नाही म्हणून परत पाठवला. नकाशा माझ्याच कपाटात होता. आज कबूल करतो, रस्ता त्यामुळे दोन पावसाळे लांबला.

शेवटी रस्ता झाला. सकाळची एसटी तांड्यावर जाऊ लागली. सुटलो, असं मला वाटलं. वर्षभरानं एका सोमवारी काका पुन्हा समोर.

आता काय, मी वैतागून विचारलं. व्यापाऱ्याची गाडी येत नाही का? येते, म्हणाले, भावही बरा मिळतो. पण दोन्ही पोरं त्याच एसटीत बसून पुण्याला कारखान्यात गेली. शेजाऱ्यांचीही गेली. तांड्यावर आता म्हातारे तेवढे उरले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. तांड्यावर मुक्कामाला येणारी संध्याकाळची गाडी हवी होती.

"जाणारी गाडी हाये बाबूसाहेब, येणारी नाही. पोराईले कधी घरी यावं वाटलं, तं अंधारात फाट्यावरून चालतीन काय?"

एसटी आमच्या खात्यात येत नाही. एरवी मी एवढंच सांगून अर्ज परत सरकवला असता. त्या दिवशी तो खिशात घातला आणि काकांसोबत डेपोकडं निघालो.