तलावातली हिरव्या झग्याची पोरगी

गजभियेकाका कोणालाही एका हातानेच नमस्कार करायचे. दुसऱ्या बगलेत तलावाच्या पाण्याची बाटली दाबलेली असायची. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त होताना तपासणीच्या उरलेल्या बाटल्या त्यांनी मागून आणल्या होत्या. पाण्यात घाणीचे जंतू असले, की उबेला ठेवल्यावर दोनेक दिवसांत आतलं औषध काळं पडतं. "कोंबडीवानी उबवून राह्यलो, मास्तर," म्हणायचे.

राळेगावजवळच्या त्या गावात मी बदलून आलो, आणि ते माझे शेजारी झाले. कापसाने त्या वर्षांत सगळ्यांचीच तोंडं उतरवली होती. रविवारी तलावावरची पायडलची बोट आणि पोरांचं डुंबणं, एवढीच काय ती चैन. पण शेतांतला युरिया पावसाबरोबर तलावात उतरे, गावाची नालीही तिथेच सुटे. पाणी हिरवं, दाट झालं. बेडूक ओरडेनासे झाले. म्हशी काठाशी येत, वास घेत आणि तशाच परतत. पोरं मात्र उड्या मारत.

काकांची प्रत्येक बाटली काळी निघे. ती घेऊन ते दारोदार फिरले. लोक हसले.

"जंतू दिसत नाही न, म्हनून कोनी भेत नाही," ते म्हणाले. आठवड्याभरात गावात बोभाटा झाला. तलावात हिरव्या झग्यातली लहान पोरगी आहे, भरदुपारी वर येते आणि विचारते, "येतं काय खेळाले?"

काका बौद्ध, घरात देव नाहीत, मग भूत कुठलं? हे पिल्लू त्यांनीच सोडलंय हे ओळखून मी पोट धरून हसलो. पण तलाव ओस पडला. वारा नसतानाही बोट काठाशी हलत राही. एकदा दुपारी तिथून जाताना मीही सायकल जोरात हाणली, खोटं कशाला सांगू.

मग लोक पाण्यात लिंबं टाकू लागले. एका दुपारी काका काठावर बसून ती काढताना दिसले.

"झालं ना मनासारखं? एक पोर पाण्यात नाही," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "झगा खरा हाये, मास्तर. माह्या पोरीचा. सात वर्साची होती. याच पान्यात खेळून आली अन् हगवन लागली. तीन दिवसांत गेली."

मीही खाली बसून एक लिंबू बाहेर काढलं. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने पाण्यात दगड भिरकावला आणि भराभर पाय उचलले.

काका धडपडत उठले. "दगड नका मारू, राजेहो," त्यांचा आवाज फाटला. "माही पोरगी कोनाले भेव दाखवनारी नोहती."