सोनबाचा हिमालय

आमच्या शेजारचा सोनबा दारातून घरात आल्याचं मला आठवत नाही. दार चांगलं मोठं होतं. पण हा मागच्या भिंतीच्या लाल दगडांत बोटं खुपसून धाब्यावर चढायचा आणि तिथून अंगणात उतरायचा.

"कामून रे, दारानं काय घोडं मारलंय तुझं?"

"हात चालू ऱ्हातेत, अक्का. फिकर नक्को."

'फिकर नक्को' हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. बीदरच्या शाळेत तो पोरांना कवायत शिकवायचा. लग्न झालेलं नव्हतं. आई हळ्ळीखेडला शेत बघायची, म्हणून हा जेवायला माझ्याकडं. हैद्राबादच्या कॉलेजातल्या दोस्तांबरोबर त्यानं हिमालयातलं एक शिखर ठरवलं होतं. आधी तिथं गेलेल्यांतले काही परत आले नव्हते, हेही तो भाकरी मोडता मोडता सांगायचा.

बीदरला पठार आहे, डोंगर नाही. म्हणून सराव आमच्या आडात. पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन आत उतरायचा, वर यायचा. बायका घागरी घेऊन खोळंबायच्या. "मास्तर, तुमी वर येताव का आमी खाली येऊ?"

एका जागीरदाराकडं शादी होती. हैद्राबादहून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आल्या. सोनबा ओळखीनं आत शिरला आणि थंडी कितपत सोसते ते बघायला एका लादीवर बसून राहिला. त्याच बर्फाचं सरबत पाव्हण्यांनी मिटक्या मारत घेतलं. मी घेतलं नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत तो गेला. बरेच दिवस काही खबर नाही. मी सवयीनं त्याच्या वाटणीची भाकरी थापायचे आणि म्हशीला घालायचे. म्हैस सुटली चांगली, मला मात्र घास गोड लागेना.

मग एका सकाळी अंगणात धप्पकन आवाज झाला. नाकाची सालपटं निघालेली, ओठ फुटलेले, पण हातपाय जागेवर. ते नीट बघून घेतले आणि मगच मी त्याला शिव्या दिल्या.

"चढलास का?"

"न्हाई. शेवटच्या मुक्कामावरनं फिरलो. वारं थांबंना. दोस्त म्हनले, दम धरू. मला भ्या वाटलं."

गल्लीनं ऐकलं. "मास्तर, आपला आडच बरा," म्हणून चिडवलं. हाही हसला. दोस्त थांबले आणि सुखरूप चढून आले, हे मागाहून कळलं. पण आडात साप दिसला तरी उतरणारा माणूस वाऱ्याला भ्याला, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं.

त्याच दुपारी तो गावाकडं निघाला. मला तूर आणायची होती, मीही गाडीत बसले.

हळ्ळीखेडला त्याची आई शेतातून येताना दिसली. वाट तापलेली, पायात काही नाही.

"बाई, वहाणा कामून न्हाईत?" मी विचारलं.

"खंडोबाला बोलले व्हते. लेकरू परत येस्तोवर अनवानी ऱ्हाईन म्हनून. ह्यो निगाला तवाच काढल्या, ह्येच्याम्होरं."

मी सोनबाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. आईला ओसरीवर बसवलं, तिचा तळवा मांडीवर घेतला. फोड, भेगा, आत मोडून राहिलेले बाभळीचे काटे.

"अक्का, सुई हाय का?"

पदराला टोचलेल्या दोन सुया मी काढल्या. एक त्याला दिली, चष्मा लावला आणि म्हातारीचा दुसरा पाय माझ्याकडं ओढला.